पहिलीचं वर्ष, जांबे

१५ जून २०२४, शनिवार
शाळा उघडली. फाटकाला आंब्याच्या डहाळ्या. नव्या मुलांच्या पावलांचे कुंकवाचे ठसे कागदावर घेतले, खाली नाव घातलं. लेकीनं पदर सोडला नाही. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही निघा आता ताई. तुम्ही दिसत राहिलात तर ती रडतच राहील." निघाले. वळणावर थांबले. आतून रडण्याचा आवाज. कुणाचा, ते कळेना.

पुस्तक पहिल्याच दिवशी मिळालं. एकात्मिक, भाग १. मराठी, गणित, इंग्रजी, खेळ, सगळं एकात. असे चार भाग, एक संपला की पुढचा. दप्तर उचलून पाहिलं. पाण्याच्या बाटलीचंच काय ते वजन.

१६ जून
नणंद वाकडहून आली. तिचा मुलगा मोठ्या शाळेत जातो, पिवळी बस दारात येते. "अजून वेळ गेलेली नाही वहिनी." सासूबाई गप्प. हे म्हणाले, "ठरलंय आमचं." तरी जेवताना सगळे लेकीकडेच बघत होते.

१८ जून
रडली.

१९ जून
रडली.

२० जून
फाटकापर्यंत रडली. आत गेल्यावर नाही, असं मॅडम म्हणतात.

२५ जून
"आज काय शिकवलं?" "काही नाही." रोज हेच. आज वेगळं विचारलं. "भाताला शेजारी कोण होतं?" मग सुरू झाली. एक मुलगी भाताचे गोळे करते. एक मुलगा मटकी वेचून बाजूला ठेवतो. स्वयंपाकाच्या मावशी त्याला म्हणतात, आधी मटकी मग खीर.

६ जुलै, शनिवार
पालकांची सभा. पतसंस्थेतून अर्धा दिवस सुट्टी. पहिलीच्या पालकांत बाप दोनच. बाकी आम्ही बाया.

मॅडमनी फळ्यावर काही लिहिलं नाही, नुसतं सांगितलं. दिवाळीपर्यंत मुलं बोलतील, ऐकतील, गाणी म्हणतील, अक्षरं ओळखतील. घाई करू नका. वर्षअखेर चार-पाच सोप्या शब्दांचं वाक्य वाचता यावं. ९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात. साधी बेरीज-वजाबाकी. निपुण भारत मोहिमेचं पहिलीचं लक्ष्य एवढंच. परीक्षा? १०० मधले ७० वर्षभराच्या निरीक्षणाचे, ३० लेखी-तोंडी. नापास कुणी होत नाही.

मागून एक बाई म्हणाल्या, "आमचा तर बालवाडीतच शंभरपर्यंत म्हणतो." मॅडम म्हणाल्या, "म्हणतो. सात चिंचोके मोजून द्यायला सांगा."

घरी येऊन सात चिंचोके मागितले. लेकीनं नऊ दिले.

१६ जुलै
उद्या आषाढी. आज बालदिंडी. डोक्यावर तुळस, कपाळाला बुक्का. दिंडी शाळेपासून देवळापर्यंत. सगळी मुलं विठ्ठल विठ्ठल. हिचे ओठ हलतात, आवाज नाही. फोटोत मात्र गात असल्यासारखीच दिसते.

२० जुलै
शेजारी आरटीईच्या लॉटरीची वाट बघत होते. फेब्रुवारीत नियम बदलला होता, एक किलोमीटरच्या आत सरकारी शाळा असेल तर खासगी शाळेतल्या राखीव जागा नाहीत. काल उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. यादी लागली. त्यांच्या मुलाचं नाव नाही. तो पोरगा इतके दिवस घरीच आहे. इथे शाळा भरून महिना उलटला.

२५ जुलै
धो धो. जिल्हाधिकाऱ्यांनी सुट्टी जाहीर केली, मुळशीसह. पुण्यात नदीकाठच्या घरांत पाणी. लेक दिवसभर भिंतीला पाठ लावून शाळा-शाळा खेळते. बाहुल्यांना दटावते. "आवाज नको. हाताची घडी." घरात एवढा आवाज आणि शाळेत तोंड बंद. मॅडमना विचारायला हवं.

२९ जुलै
विचारलं. मॅडम म्हणाल्या, "हजेरीलाही नुसता हात वर करते. कळतं तिला सगळं. मी जबरदस्ती करत नाही. तुम्हीही करू नका."
किती दिवस करायची नाही?

१४ ऑगस्ट
गणवेश अजून नाही. उद्या साध्या फ्रॉकवरच झेंडावंदन. पेपरात राज्यभर हीच ओरड. पहिलीतल्या मुलाला गणवेश म्हणजे केवढी गोष्ट असते. सासूबाईंनी फ्रॉकला पांढरी कॉलर शिवून दिली.

२० ऑगस्ट
बदलापूर. चार वर्षांच्या मुलींवर शाळेतच अत्याचार. लोक रुळांवर उतरलेत. दिवसभर हिशेबात लक्ष नाही. घरी आल्यावर हिला मांडीवर घेऊन बसले. काय विचारू, कसं विचारू.

२१ ऑगस्ट
आंघोळ घालताना सांगितलं. हा भाग कुणी हात लावायचा नाही. डॉक्टर, तेही आई जवळ असताना. कुणी लावला तर ओरडायचं, आणि आईला सांगायचं. कुणी "सांगू नको" म्हणालं तर आधी सांगायचं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "मला ओरडता येत नाही शाळेत."

झोप नाही.

३१ ऑगस्ट, शनिवार
सभा. आज बाप पुष्कळ आले. सगळ्यांना तेच विचारायचं होतं. मी उठले. सखी सावित्री समिती आहे का? २०२२ चाच शासन निर्णय आहे, प्रत्येक शाळेत हवी. त्यात कोण कोण आहे? तक्रारपेटी कुठे, ती उघडतं कोण? शौचालयाकडे लहान मुलींसोबत कोण जातं?

मुख्याध्यापक सरांनी वही उघडून नावं वाचली. दोन नावं गाव सोडून गेलेल्यांची. सर म्हणाले, आजच बदलू. मुलीला लघवीला जायचं तर दोघींनी मिळून जायचं, आणि स्वयंपाकाच्या मावशींचं लक्ष राहील, असं ठरलं. मुलांच्या मदतीचा १०९८ हा नंबर प्रत्येक वर्गात लावायचा. शाळा व्यवस्थापन समितीत एक जागा रिकामी होती, ती मला दिली. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या बाया असाव्यात, असं शिक्षण हक्क कायदाच सांगतो. २००९ चा कायदा. पहिली सही ठोकली.

२ सप्टेंबर
लेकीला विचारलं, लघवी लागली तर मॅडमना कसं सांगतेस? करंगळी दाखवते म्हणे. आणि मॅडम पाठमोऱ्या असल्या तर? "मग थांबते."
मॅडमच्या कानावर घातलं. त्यांनी टेबलावर एक घंटी ठेवली. ज्याला जायचं त्यानं वाजवायची. आता वर्गभर घंटीच वाजते म्हणतात.

१७ सप्टेंबर
गणपतीत भाचा आलेला. इंग्रजीतून प्राण्यांची नावं, महिने, रंग, धडाधड. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी हिला म्हणालं, "तू म्हण काहीतरी." ही माझ्यामागे. मी म्हटलं, "ती म्हणेल तिला वाटेल तेव्हा." आवाज जरा चढलाच माझा.
आज विसर्जन झालं. घर मोकळं.

३ ऑक्टोबर
घटस्थापना. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा. पतसंस्थेत पेढे वाटले. लेक पाटीवर 'न' काढते. रोज उलटा.

१९ ऑक्टोबर
पहिलं सत्र संपत आलं. प्रगतिपुस्तक पाहिलं. गणित बरं. चित्रकला छान. मराठीपुढे मॅडमनी लिहिलंय, "अक्षरे ओळखते. वाचनासाठी बोलते होण्याची गरज." चारदा वाचलं. ह्यांना दाखवलं. ते म्हणाले, "मीही नव्हतो बोलत लहानपणी." सासूबाई म्हणाल्या, "खोटं. बोंबलून गाव गोळा करायचास."

३० ऑक्टोबर
सुट्टी. रस्ताभर निवडणुकीचे फलक, मधे फ्लॅटच्या जाहिराती. पुनावळ्याला जाताना गाडीवर मागून हिचा आवाज. "म. र. त. म." फलकावरची अक्षरं. मी आरसा वाकडा करून बघितलं. बघितलं की गप्प. पुन्हा आरसा सरळ केला. "न. व. र."

२० नोव्हेंबर
मतदान. भोर मतदारसंघ. आमचं केंद्र म्हणजे लेकीचाच वर्ग. मॅडम दुसऱ्या कुठल्या तरी गावी ड्युटीवर. बोटाला शाई लावून घेताना भिंतीकडे नजर गेली. मुलांची चित्रं. हिचं ओळखलं. शाळा काढलेली, लाल कौलांची. बाहेर फाटकाशी एक बाई, साडीची. तिला तोंड नाही काढलेलं, नुसते मोठाले कान.

२५ नोव्हेंबर
ओढ्याकडेला ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडल्या. कासारसाईच्या कारखान्याचा हंगाम. टोळी बीडकडची. पहाटे चारला बायाबापे फडात जातात, मागे पोरं. मोठ्या बहिणी आठ-नऊ वर्षांच्या, कडेवर धाकटी.

२६ नोव्हेंबर
समितीच्या आम्ही दोघी आणि मॅडम कोपीवर गेलो. एक बाई चुलीपाशी. "बसंल का हो पोरगी? कागद नाई काई तिचा." मॅडम म्हणाल्या, "कागद नसला तरी बसेल. कायद्यानं नाही म्हणता येत नाही." बाईनं मुकादमाकडे बघितलं. मुकादम म्हणाला, "धाकटं कोण सांभाळंल?" त्यालाही घेऊन या, अंगणवाडी शेजारीच आहे, म्हटलं.

बाईनं मला एकटीला गाठून विचारलं, "एवढ्या चार महिन्यांत तिला नाव लिव्हायला येईल का?"

तिची अपेक्षा तेवढीच. नाव लिहायला यावं. मी मराठीपुढचा शेरा घेऊन महिनाभर बसलेय.

२ डिसेंबर
कोपीवरची मुलगी वर्गात आली. सात वर्षांची, पहिलीतच. मागच्या वर्षी गावाकडे नाव घातलं होतं, दिवाळीनंतर टोळीबरोबर निघाली ती परत बसलीच नाही. मॅडमनी तिला लेकीशेजारी बसवलं.

६ डिसेंबर
"ती भाकरी आणते. मिरचीची. मला दिली." ओठ लाल.

११ डिसेंबर
ऑफिसातून येताना शाळेवरून आले. सुटली होती. व्हरांड्यात दोघी. लेक उभी, हातात छडीसारखी काडी. ती मांडी घालून बसलेली. पुस्तक उघडं, भाग २. लेक एकेका अक्षरावर काडी ठेवते आणि वाचते. मोठ्यानं. खणखणीत. "न-ळ. नळ. म्हण. ब-स. बस. बघ इकडं, म्हण." ती म्हणते. चुकली की ही पुन्हा वाचते. अगदी मॅडमच्या सुरात.

मी खांबाआड. मॅडम वर्गाच्या दारात. त्यांनी मला बघितलं, तोंडावर बोट ठेवलं.

१२ डिसेंबर
हजेरीला "हजर मॅडम" म्हणाली. मॅडमचा फोन आला दुपारी, मधल्या सुट्टीत. पतसंस्थेत सगळ्यांना सांगितलं.

३ जानेवारी २०२५
सावित्रीबाई फुले जयंती. मुली नऊवारीत. कोपीवरच्या मुलीला आमच्याकडची साडी कापून नेसवली. दोघींचं मिळून एक वाक्य. अर्धं हिनं म्हणायचं, अर्धं तिनं. म्हटलं.

११ जानेवारी
शनिवार, दप्तर नाही. मुलांनी परसबागेत मेथी पेरली. पोषण आहाराच्या खोलीबाहेरचा तक्ता पहिल्यांदा नीट वाचला. पहिली ते पाचवी, रोज मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, ४५० उष्मांक, १२ ग्रॅम प्रथिनं. मावशी एवढ्या सगळ्यांचं रांधतात, भांडी घासतात, मुलींवर लक्षही ठेवतात. मानधन महिन्याला २५०० रुपये. हे कुणालाच लाजिरवाणं वाटत नाही का?

२४ जानेवारी
पुण्यात जीबीएसचे रुग्ण. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी. पाण्यातून म्हणतात. शाळेच्या ग्रुपवर निरोप, उकळलेलं पाणी द्या. दोन बाटल्या भरते. कोपीवर कोण पाणी उकळणार, सरपण भाकरीलाच पुरत नाही. मॅडमनी शाळेतच उकळायची सोय केली.

३० जानेवारी
अंडी बंद. सरकार आता त्याला पैसे देणार नाही. द्यायचीच तर लोकवर्गणीतून द्या. आठवड्याला एक अंडं. लेकीला घरी मिळतं. तिच्या शेजारणीला शाळेतच मिळायचं. समितीत विषय घेतला. गावातल्या एकानं महिन्याभराची अंडी दिली. पुढच्या महिन्याचं बघू. हे असं बघून चालवायची गोष्ट नाही.

१८ फेब्रुवारी
आरोग्य तपासणी. पथकाची गाडी आली. वजन, उंची, दात, डोळे. हिच्या दोन दाढा किडलेल्या. कोपीवरच्या मुलीचं वजन कमी. चिठ्ठी दिली, औंधला जिल्हा रुग्णालयात दाखवा. तिची आई म्हणाली, "खाडा धरला तर मुकादम पैसे कापतो." रविवारी आम्ही गाडीवर नेतो म्हटलं तर ओपीडी बंद. शेवटी ह्यांनी पुढच्या मंगळवारची रजा काढली.

२५ फेब्रुवारी
गोळ्या मिळाल्या, रक्त वाढायच्या. महिनाभराच्या.

२७ फेब्रुवारी
मराठी भाषा गौरव दिन. लेकीनं फळ्यावर तारीख लिहिली. 'न' सरळ.

८ मार्च
कारखान्याचा पट्टा पडायला आला म्हणतात. यंदा ऊस लवकर संपला.

१२ मार्च
कोप्या उठल्या. काल संध्याकाळी ट्रॅक्टर भरले. मॅडमनी मुलीच्या आईच्या हातात शिक्षण हमी पत्रक दिलं. काय येतं, काय यायचं राहिलं, सगळं त्यात लिहिलेलं. गावाकडच्या शाळेत हे दाखवा, पहिलीतच पुढे बसवतील. आईनं ते पिशवीत गोळ्यांच्या पुडीशेजारी ठेवलं. मुलीनं ट्रॅक्टरच्या फाळक्यावर बोटानं धुळीत नाव लिहिलं. स्वतःचं, पुरं, काना-मात्रेसकट.

लेक घरी आली आणि जेवली नाही.

१३ मार्च
होळी. "ती परत कधी येणार?" ऊस परत येईल तेव्हा. "मग तिला दुसरीत बसवतील?" बसवायला पाहिजे. गावाकडे उरलेले महिने शाळेत गेली तर. नाही गेली तर पुन्हा पहिली. पोरगी हुशार आहे, हात वळतोय, आणि वर्ष असं दोन तुकड्यांत फाटतं. पहिली ते पाचवी वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरावी असं कायद्यात आहे. तिच्या वाट्याला त्यातले किती आले?

२ एप्रिल
सकाळची शाळा. ऊन भाजतंय. यंदा परीक्षा २५ तारखेपर्यंत लांबवल्यात, राज्यभर एकच वेळापत्रक. गावी जायची तिकिटं काढलेले पालक चिडलेत. आम्हाला कुठे जायचं नाही. पाण्याची बाटली दुप्पट मोठी घेतली.

११ एप्रिल
गणिताची तोंडी. सत्तावीस चिंचोके मोजून दिले म्हणे. दहा-दहाचे दोन ढीग आणि वर सात.

१७ एप्रिल
पहिलीपासून हिंदी. काल शासन निर्णय निघाला. पतसंस्थेत दिवसभर तोच विषय. लेक दुसरीत जाईल, तिला लागू नाही. पण धाकट्या जावेचा मुलगा जूनमध्ये पहिलीत येतोय. मी वर्षभर बघतेय, सहा वर्षांचं मूल एका भाषेत तोंड उघडायलाच सहा महिने घेतं. आमच्या वर्गात बिहारची, उत्तर प्रदेशची मुलंही आहेत, बांधकामावरची. ती मराठी शिकतायत, आमची त्यांच्याकडून हिंदी उचलतायत, भाताच्या पंगतीत, कुणी न शिकवता. आधी वाचायला येऊ द्या. तिसरी भाषा नंतर. हे मी सभेत बोलणार.

२३ एप्रिल
हिंदीच्या 'अनिवार्य' शब्दाला स्थगिती. बघू.

२६ एप्रिल
शाळापूर्व तयारी मेळावा. मी माता गटात. धाकटी जाऊ मुलाला घेऊन आली. एका टेबलावर उड्या, एकावर मणी ओवणं, एकावर चित्र बघून बोलणं, एकावर वस्तू मोजणं. पोरगा सगळीकडे गेला, चित्राच्या टेबलाशी अडला. जाऊ घाबरली. "बोलतच नाही हो हा." लेक मधे आली, चित्र हातात घेतलं, "हा बघ बैल. म्हण." तो म्हणाला नाही. ही म्हणाली, "बरं, नंतर म्हण," आणि पुढच्या टेबलाला घेऊन गेली.

१ मे
निकाल. मराठी अ-२. गणित अ-१. शेरा, "स्पष्ट वाचन करते. इतरांना मदत करते." सासूबाईंनी लेकीकडूनच वाचून घेतला. 'स्पष्ट'ला अडली. जोडाक्षरं दुसरीत.

नणंदेला फोन केला. तिनं मनापासून विचारलं, वाचते का आता. वाचते म्हटलं. भाच्यालाही चांगले गुण. दोघंही शिकतायत.

३ मे
जावेनं मुलाचं नाव घातलं. जन्मदाखला, आधार, दोन फोटो. ३१ डिसेंबरपर्यंत सहा पुरी होतात, बसतं नियमात. मला विचारते, काय काय तयारी करून घेऊ. मी म्हटलं, स्वतःची चप्पल स्वतः घालू दे, लघवी लागली तर सांगता येऊ दे, रात्री गोष्ट सांग. क ख ग शाळा बघेल. आणि महिन्याच्या सभेला तू ये, दीरालाही आण.

५ मे
समितीची बैठक, सुट्टीतली. विषय तीन. शौचालयाचं दार, अंड्यांची वर्गणी, कोप्या. पहिल्या दोन विषयांना फार वेळ गेला नाही. तिसऱ्यावर वाद झाला, येणारी-जाणारी पोरं, आपण किती करायचं. मी बसले नाही. शेवटी वहीत लिहून घेतलं, की हंगाम सुरू होऊन टोळी उतरेल त्याच आठवड्यात समितीनं कोपीवर जायचं, मुलांची यादी करायची आणि शाळेत बसवायचं. बीडच्या त्या गावातल्या शाळेला मुख्याध्यापक सर जूनमध्ये फोन करून मुलगी आली का विचारतील. सगळ्यांच्या सह्या झाल्या. शाळा १६ जूनला उघडते.